पद्मिनीच्या टेललाईटच्या रिंगांवरचा चंदेरी रंग सोलून निघतोय, परत रंगवू की क्रोम करू?

डोंबिवलीकर_७९

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसताच वाचत होतो, पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांची. इंजिन ठणठणीत, तेच १०८९ सीसीवालं, सकाळी चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला सुरू. बॉडीचं काम गेल्या वर्षी झालं, पत्रा बदलला, रंग झाला, पुढून गाडी अशी दिसते की सिग्नलला रिक्षावाले पण काच खाली करायला सांगतात. पण मागून बघितलं की सगळा मूड जातो. मागच्या दोन पंखांच्या टोकाला उभे टेललाईट आहेत ना, त्यांच्या भोवतीच्या रिंगांवर कधीतरी चंदेरी रंग मारलेला आहे आणि तो आता खवल्यांसारखा सुटतोय. नखाने उचलला तरी आख्खी पापडी हातात येते. खाली करडा धातू आहे, त्यावर मुरुमांसारखे बारीक फोड आणि मधूनमधून पांढरी भुकटी. थोडा जुना क्रोम अजून कडेला टिकून आहे.

पेंटर म्हणतो घासून परत सिल्व्हर मारतो, दोनशे रुपये द्या. बाबा म्हणतात कंपनीतून आली तेव्हा क्रोम होता, रंग नव्हता, करायचं तर तेच करा. मला स्वतःला हे काम घरी करायचंय, गॅलरी आहे, छोटा कॉम्प्रेसर आहे, वेळ शनिवार-रविवार. काय करू?

जुना_गडी

स्वागत आहे. आधी फोटो टाका. आणि खाली उतरून, गाडीच्या मागे उकिडवे बसून काढलेले टाका, उभ्याने काढलेले नकोत.

तेलकट_हात

पहिला प्रश्न, रिंगा कशाच्या आहेत? एक लोहचुंबक घ्या, फ्रिजवर लावायचा असतो तो पण चालेल. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला आणि हातात जड लागली तर मजाक, म्हणजे जस्ताचं कास्टिंग. नाही चिकटला आणि हलकी लागली तर नंतर कोणीतरी बसवलेली प्लास्टिकची डुप्लिकेट, बाजारात अशा भरपूर फिरतात. तिघांचे उपाय तीन वेगळे आहेत, त्यामुळे हे कळल्याशिवाय दोनशे रुपयेवाल्याला हात लावू देऊ नका.

तुमच्या वर्णनावरून ९९ टक्के मजाक. ती पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. लोखंड असतं तर तांबूस दिसला असता.

डोंबिवलीकर_७९

चिकटला नाही. आणि जड आहे, चांगली वजनदार. फोटो टाकलेत, उकिडवं बसून काढलेत, गुडघ्याचा आवाज पण आला.

जुना_गडी

बघितले. अरे देवा. हा रंग गनने मारलेलाच नाही, ब्रशचे केस अडकलेत त्यात, एका ठिकाणी लेन्सवर पण ओघळ आलाय. कुठल्या गाढवाने केलंय हे?

डोंबिवलीकर_७९

मी. १९९६ साली. एफवायला होतो, बाबा गावाला गेले होते आणि त्यांना सरप्राइज द्यायचं होतं. खिडकीच्या ग्रिलला आणलेला सिल्व्हर ऑइलपेंट उरला होता.

जुना_गडी

😂😂 माफ करा हो. सरप्राइज नक्की मिळालं असेल.

रसायनवाली

गाढवपणा ब्रशचा नाहीये तसा. ब्रशने पण चांगला रंग बसतो. चूक रंगाच्या जातीची आहे आणि ती पेंटर लोकसुद्धा सर्रास करतात म्हणून जरा लांबण लावते.

ग्रिलचा ऑइलपेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, त्याच्यात अल्किड रेझिन असतं, म्हणजे मुळात तेलापासून केलेलं. हा रंग थेट जस्तावर बसला की ओलाव्याच्या संगतीत जस्त आणि त्या तेलातली आम्लं यांची हळूहळू प्रक्रिया होते आणि मधल्या थरात चक्क साबण तयार होतो. जस्ताचा साबण. मग वरचा रंग कितीही जाड असू दे, तो साबणावर उभा आहे. म्हणून तुमची पापडी अशी सबंधच्या सबंध सुटते, खरवडावी लागत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर, पाण्याच्या पाइपवर मारलेला ऑइलपेंट दोनतीन पावसाळ्यात सालासारखा निघतो ना, तेच कारण.

म्हणजे तुमच्या दोनशे रुपयेवाल्याने घासून परत तोच रंग मारला तर परत हेच होणार.

चिंचपोकळी_काळीपिवळी

आमच्या घरात दोन पिढ्या टॅक्सी होती, पद्मिनीच. टॅक्सीच्या रिंगांचा क्रोम मुंबईच्या हवेत किती टिकणार हो, दसऱ्याला पूजेच्या आदल्या रात्री आजोबा सिल्व्हरचा डबा काढायचे आणि रिंगा, बंपर, व्हीलकॅप सगळ्यांवर एक हात. झेंडूचा हार चढला की झालं. पुढच्या दसऱ्याला परत. म्हणजे आमच्याकडे तो रंग एक वर्ष टिकायचाच होता, त्यामुळे साबण व्हायच्या आत नवा थर 😀. ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी पण रस्त्यावरून गेली. तिच्या रिंगा बघायच्या राहूनच गेल्या.

सातारी_कंदी

माझं मत स्पष्ट, क्रोमच करा. एवढी गाडी केलीत आणि मागे रंग? लग्नात शेरवानी आणि पायात स्लीपर. पुण्यात भोसरीला, कोल्हापुरात उद्यमनगरात क्रोमवाले आहेत, विचारा.

कोल्हापुरी_प्लेटिंग

उद्यमनगरचं नाव निघालं म्हणून बोलतो, आमचा घरचाच धंदा आहे. पण मी गिऱ्हाईक म्हणून बोलावणार नाही, खरं सांगणार.

लोखंडी बंपर क्रोम करणं आणि जुनं मजाक क्रोम करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे बघा. मजाकमध्ये जवळपास ९६ टक्के जस्त, बाकी मुख्यतः ॲल्युमिनियम. जस्त असं की आम्लात पण विरघळतं आणि कॉस्टिकमध्ये पण विरघळतं. बंपरचा जुना क्रोम-निकेल काढायला जे टाकीत बुडवतो त्यात ही रिंग जास्त वेळ राहिली तर रिंगच राहत नाही. मग पहिला तांब्याचा थर सायनाइडच्या बाथमधूनच द्यावा लागतो, कारण नेहमीचा आम्लवाला तांब्याचा बाथ थेट जस्ताला खातो. त्यावर आम्लवालं जाड तांबं, मग बफिंग, मग निकेल आणि सगळ्यात शेवटी क्रोमचा एकदम पातळ पापुद्रा. चमक तुम्ही जी बघता ती मुळात निकेल-तांब्याच्या पॉलिशची असते, क्रोम नुसता वरचा निळसर पहारेकरी.

आणि फोड. प्रत्येक फोडाखाली खड्डा असतो. तो बारीक ड्रिलने उकरून, आतला गंज सगळा काढून, तांबं चढवून, सोल्डरने भरून, परत घासून सपाट करावा लागतो. एका रिंगेवर असे चाळीस-पन्नास खड्डे असले तर आमचा माणूस दोन दिवस त्याच्यावरच बसतो. मग लोकांना दर ऐकून घाम फुटतो. आणि स्वस्तात करून देणारा काय करतो, खड्डे घासून घासून काढतो, म्हणजे रिंगेची धार, कोपरे, अक्षरं सगळं गुळगुळीत. साबणाची वडी वापरून झाल्यावर दिसते तशी रिंग परत मिळते.

तुमच्या फोटोत डावी रिंग वाचेल. उजवीचा खालचा कोपरा मला शंकास्पद वाटतोय, तिथे धातू आतून फुगलाय.

डोंबिवलीकर_७९

बापरे. एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. उजवीकडे गाडी पार्किंगमध्ये भिंतीच्या बाजूला असते, गळतीचं पाणी तिथेच पडतं, त्यामुळे असेल.

पानशेत_एक्सप्रेस

कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघितलंत का? नाहीतर रविवारी पुण्यात जुना बाजार. जुनी पण चांगल्या क्रोमची रिंग मिळून जाते कधीकधी.

डोंबिवलीकर_७९

दोन शनिवार कुर्ल्यात घालवले. गंमत म्हणजे गाडी त्याच कुर्ल्यात तयार झाली आणि आता तिचा एक भाग मिळवायला त्याच रस्त्यावर चपला झिजवतोय. एकाकडे एकच रिंग निघाली, डावीची, जी माझी बरी आहे ती. उजवीची कोणाकडेच नाही. एक म्हणाला, साहेब उजवीच जाते नेहमी, रिव्हर्स घेताना.

तेलकट_हात

मग एक क्रोम आणि एक रंग असा धेडगुजरी प्रकार करू नका. जोडी जोडीसारखीच दिसली पाहिजे.

बे_एरिया_बंड्या

इकडे कॅलिफोर्नियात मी एका जुन्या अमेरिकन गाडीच्या टेललाईटच्या कडा केल्यात, त्या प्लास्टिकच्या होत्या. क्रोमचं लिक्विड मार्कर मिळतं, त्याने बारीक रेषा फारच भारी येतात, आरसाच. पण दोन गोष्टी. एक म्हणजे ते सुकलंय असं वाटतं तेव्हा सुकलेलं नसतं, आठवडाभर हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे वरून क्लिअर कोट मारला की चमक धपकन उतरते आणि नाही मारला तर बोट लागेल तिथे करडं होतं. म्हणजे लेन्सवरच्या बारीक पट्टीला ठीक, तुमच्या रुंद रिंगेला नाही. स्प्रे कॅनमधल्या क्रोमची पण तीच कथा, कॅनच्या झाकणावर आरसा असतो आणि गाडीवर इडलीचा डबा.

सातारी_कंदी

पावडर कोटिंग करून टाका मग, चंदेरी. टिकाऊ.

कोल्हापुरी_प्लेटिंग

नको दादा. पावडर भट्टीत १८०-२०० डिग्रीला शिजते. जुन्या कास्टिंगच्या आत बारीक पोकळ्या असतात, त्यातली हवा त्या उष्णतेला बाहेर यायला बघते आणि वरच्या थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. नवीन कास्टिंगला पण हा त्रास होतो, खड्डे पडलेल्याला तर होणारच.

डोंबिवलीकर_७९

ठरलं. रंगच करतोय. पण क्रोमचं सोंग घ्यायचं नाही. गाडीच्या चाकाच्या रिमला असतो तसा शांत चंदेरी, आणि तो नीट. बाबांना सांगितलं, ते "हं" म्हणाले. त्यांचं हं म्हणजे काय हे ४५ वर्षांत मला कळलेलं नाही.

आता क्रम सांगा कोणीतरी.

जुना_गडी

मी माझ्या १९६६ च्या फियाट डिलाइटला केलंय, सात वर्षं झाली, अजून जागचा हललेला नाही, त्यामुळे अनुभवाचं सांगतो.

काढणं हेच अर्धं काम आहे. लोखंडी स्क्रू आणि जस्ताचं कास्टिंग, दोन वेगळे धातू, त्यात पावसाचं पाणी, ते एकमेकांना धरून बसतात. जोर लावलात तर स्क्रूची मुंडी जाईल नाहीतर कास्टिंगचा कान तुटेल, आणि कान तुटला की मजाकला वेल्डिंग होत नाही हे लक्षात ठेवा, साधारण ३८५ डिग्रीला ते पाणी होतं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गंज सोडवायचं तेल दोन थेंब, असं चार दिवस. पाचव्या दिवशी बरोबर मापाचा पेचकस लावून आधी अगदी थोडा घट्ट करण्याच्या दिशेने, मग उलटा. कट्ट असा आवाज आला की समजायचं.

लेन्स वेगळी करून स्वयंपाकघरात ठेवा, थिनरच्या जवळपास पण नको.

जुना रंग काढायला कॉस्टिक नाही, ॲसिड नाही, कोल्हापूरवाल्यांनी कारण सांगितलंच आहे. पेंट रिमूव्हर जेल लावायचं, तुमचा तसाही साबणावर उभा आहे त्यामुळे लाकडी काडीने निघेल. जो क्रोम सुटतोय तो काढा, जो घट्ट आहे तो ३२० नंबरच्या घासपेपरने फक्त खरबरीत करा, त्याला खणून काढायच्या फंदात पडू नका. खड्ड्यातली पांढरी भुकटी मात्र एक कण ठेवायची नाही. मी दाढीच्या ब्लेडचं टोक आणि डेंटिस्टकडून मागून आणलेली जुनी आकडी वापरली. हे कंटाळवाणं आहे. क्रिकेटची टेस्ट लावून बसा.

मग थिनरने पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, हातमोजे घाला. त्यावर इपॉक्सी प्रायमर. साधा लाल ऑक्साईड नाही. इपॉक्सी जस्ताला धरतो आणि साबण होऊ देत नाही. खड्डे भरायची पुट्टी प्रायमरच्या वर, खाली नाही. ती ४०० ने सपाट, परत प्रायमरचा एक हात, ६०० आणि ८०० चा वॉटर पेपर पाण्यातून, मग सिल्व्हर बेसकोटचे तीन पातळ हात आणि वरून क्लिअरचे दोन. सिल्व्हर ओला मारू नका, त्यातले ॲल्युमिनियमचे कण पोहत जाऊन ढग दिसतात. लांबून, कोरडा-कोरडा.

रसायनवाली

वरच्यात एक भर, आणि ही हौसेने नाही घालत. क्लिअर जर टू-के असेल, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, तर हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गॅलरीत, साध्या कापडी मास्कवर हे मारायचं नाही. एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासाने पण दम्यासारखा त्रास होतो आणि ती जात नाही. बाबा घरात आहेत, वय असेल. ते दोन हात बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या, दोनशे रुपयेवाल्याला ह्या कामाचे द्या. बाकी सगळं घरी करा.

डोंबिवलीकर_७९

हे बरं सांगितलंत. तसंच करतो.

डोंबिवलीकर_७९

अपडेट. स्क्रू निघाले, पाचव्या नाही आठव्या दिवशी. एक तुटला, ड्रिल करून नवीन आटे पाडले. उजव्या रिंगेचा खालचा कोपरा खरंच आतून फुगलेला होता, टोकरल्यावर तुकडाच पडला, करंगळीच्या नखाएवढा. इपॉक्सी पुट्टीने बांधून काढला आणि कानशीने आकार दिला, डावी रिंग समोर उलटी ठेवून, कारण ती आरशातली प्रतिमा. डोकं चक्रावलं.

प्रायमर छान बसला. आणि मग माती खाल्ली. आयता सिल्व्हर बेसकोट दुकानात नव्हता, घरात जुना एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, सिल्व्हर होता तो मारला, शनिवारी दुपारी, बाहेर धो धो पाऊस. दहा मिनिटांत सगळ्यावर पांढरट धुकं. चंदेरीचा खडू झाला.

तेलकट_हात

जुलैत डोंबिवलीत एनसी? दादा 🙏

थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि आपली हवा आधीच ओली, मग त्या गार रंगावर दव पडतं आणि रंगात अडकतं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसंच. पेंटर लोक यावर रिटार्डर थिनर घालतात, तो सावकाश उडतो. कधीकधी नुसता रिटार्डरचा हलका हात मारला की धुकं परत विरघळतं. पण तुमच्या ठिकाणी मी घासून काढला असता आणि उघडीप मिळायची वाट बघितली असती.

चिंचपोकळी_काळीपिवळी

म्हणून आजोबा दसऱ्याला मारायचे बघा. पाऊस गेलेला असतो.

डोंबिवलीकर_७९

😄 खरंय की. घासून काढतोय. तोपर्यंत लेन्सचं बघू का? निस्तेज झाल्यात आणि त्या १९९६ च्या ओघळाचा ठिपका आहेच.

जुना_गडी

लेन्स ॲक्रिलिकची असते. पेट्रोल, थिनर, कशानेही पुसू नका, लगेच काही दिसणार नाही पण नंतर आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा फुटतात. ठिपका नखाने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने. मग साबणाच्या पाण्यात १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० चा वॉटर पेपर, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासायचं, शेवटी रबिंग कंपाउंड मऊ कपड्याने. टूथपेस्टवाले व्हिडिओ खूप आहेत, तिने होतं थोडंफार, पण मग तोंड तरी नीट घासा तिने. उन्हाने लालचा गुलाबी झाला असेल तर मात्र काही उपाय नाही, लेन्स बदला.

आणि आतला डबा, बल्बच्या मागचा, त्याला पांढरा चकचकीत रंग द्या. उजेडात बराच फरक पडतो.

पानशेत_एक्सप्रेस

किंवा एलईडी टाका आणि विषय संपवा.

तेलकट_हात

संपत नाही, सुरू होतो. लाल लेन्समागे पांढरा एलईडी टाकला की गुलाबी दिसतो, लालच घ्यावा लागतो. आणि इंडिकेटरला लावला तर जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा रिले, गोंधळतो, त्याला बल्बचा लोड लागतो. साधे बल्बच बरे.

डोंबिवलीकर_७९

दोन महिने गायब होतो, गणपती, मग ऑफिस. आता सांगतो.

सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस कडक ऊन पडलं त्यात काम उरकलं. बेसकोट घरी, क्लिअर पेंटरच्या बूथमध्ये. त्याने विचारलं हे कोणी तयार केलं, मी म्हटलं मी, तर म्हणाला बरं आहे. तीन दिवस पंख्याखाली वाळवलं. खाली नवीन रबर पॅकिंग कापलं, कारण जुनं दगड झालं होतं, आणि पाणी बाहेर जायला खालच्या बाजूला फट ठेवली, आधीच्या पॅकिंगला ती होती हे काढताना बघून ठेवलं होतं. सगळं जोडलं, रविवारी सकाळी. बाबांना खाली बोलावलं.

पार्किंग लावले, मस्त. ब्रेक दाबला तर उजवा इंडिकेटर पण मंद पेटला. इंडिकेटर दिला तर पार्किंगचा दिवा त्याच्या तालावर नाचायला लागला. बाबा म्हणाले, "दिवाळीला वेळ आहे अजून."

आधी सगळं नीट चालत होतं हो. वायरिंगला हात पण लावलेला नाही. काय झालं असेल?

तेलकट_हात

अर्थ, म्हणजे अर्थिंग, गेलं. तुम्ही काम फार चांगलं केलंत म्हणून गेलं 😀

त्या दिव्याला बॅटरीकडे परत जायची वाट म्हणजे डबा, स्क्रू आणि बॉडी. तुम्ही डबा आतून पांढरा रंगवला, रिंग रंगवली, बॉडी गेल्या वर्षी रंगवली, खाली नवीन रबर. करंट उघड्या धातूवरून जायचा ते सगळं आता इपॉक्सीखाली. मग तो काय करतो, शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. २१/५ वॅटच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट आहेत, ब्रेकचं आणि पार्किंगचं, ब्रेकचा करंट उलटा पार्किंगच्या फिलामेंटमधून त्या लाइनवर जातो, तिथून कुठे दुसरीकडे. म्हणून भुतासारखे नको ते दिवे मंद पेटतात.

खात्री करायची असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट त्या डब्याला टेकवा आणि ब्रेक दाबा. एकदम सरळ वागेल.

डोंबिवलीकर_७९

टेकवली. सरळ वागला. काय माणूस आहात राव तुम्ही.

आता रंग खरवडू?

तेलकट_हात

दर्शनी कुठेच नाही. डब्याच्या मागे, जिथे स्क्रू बसतो तिथे आतून पैशाएवढी जागा उघडी करा, दातेरी वाशर घाला, घट्ट करा, वरून व्हॅसलिन. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक डब्यापासून एक काळी वायर रिंग टर्मिनल लावून डिकीत आतल्या बाजूला बॉडीला. मी आता सगळ्या जुन्या गाड्यांना तेच करतो. कंपनीने तसं दिलं नव्हतं, पण कंपनीने इपॉक्सी पण मारला नव्हता.

सातारी_कंदी

सगळं झालं असेल तर फोटो टाका की. आणि क्रोमचं मी अजून सोडलेलं नाही.

डोंबिवलीकर_७९

फोटो टाकलेत. वायर ओढल्या, दोन्हीकडे. सगळे दिवे आपापल्या कामावर.

जवळून बघितलं तर उजव्या रिंगेच्या खालच्या कोपऱ्याचा गोलावा डावीपेक्षा जरा जास्त आहे, मला दिसतो, बाकी कोणाला दिसत नाही. सिल्व्हरचा एक ढग पण आहे, वरच्या बाजूला. आता तो क्लिअरखाली गेला, राहू दे.

कंदीभाऊ, तुमच्यासाठी एक बातमी. काल बाबा खाली गेले होते, एकटेच, बराच वेळ आले नाहीत म्हणून बघायला गेलो तर गाडीच्या मागे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले, हातात फडकं. म्हणाले, "क्रोमला दर आठवड्याला पॉलिश लागायचं. ह्याला लागतं का?" मी म्हटलं नाही, नुसतं पुसायचं. तर म्हणाले, "मग ठीक आहे." आणि पुसत बसले.

कोल्हापुरी_प्लेटिंग

झकास झालंय. कोपरा मला दिसला, पण मी धंद्यातला माणूस.

पानशेत_एक्सप्रेस

भारी! माझ्याकडे पण मजाकच्याच रिंगा आहेत, चुंबक लावून बघितला. पण एक विचारायचं होतं, पुढच्या ग्रिलची पट्टी ॲल्युमिनियमची वाटतेय, तिला पण हाच प्रायमर चालेल का? की वेगळा धागा काढू?

जुना_गडी

वेगळा काढा. आणि फोटो उकिडवे बसून.